वरोरा: वरची जमीन आणि खालची जमीन

फेब्रुवारी २०१५. सर्वोच्च न्यायालयाने आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात देशातील २०४ कोळसा पट्ट्यांचे वाटप रद्द केले होते आणि त्यांतील खाणी आता ई-लिलावात निघाल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातील बेलगावची भूमिगत खाण त्यांपैकी एक. ती जिंकली भंडारा जिल्ह्यात पोलाद कारखाना चालविणाऱ्या सनफ्लॅग कंपनीने. बोली होती टनामागे १,७८५ रुपये. गंमत अशी की रद्द होण्यापूर्वी हीच खाण याच कंपनीकडे होती. तेव्हा ती लिलावाविना मिळाली होती.

या एका आकड्यातून वरोऱ्याच्या दीडशे वर्षांच्या जमीनबाजाराची कहाणी उलगडता येते. धागा लांब आहे, पण त्यात कापूस आहे, रेल्वे आहे, आनंदवन आहे, दिवाळखोरी आहे आणि एक जुना कायदा आहे.

आधी थोडे गणित. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याखाली फक्त एक मीटर जाडीचा कोळशाचा थर आहे असे मानावे आणि कोळशाची घनता पाण्याच्या दीडपट धरावी. त्या एकराखाली सुमारे ६,००० टन कोळसा भरतो. बेलगावच्या बोलीने गुणले की रक्कम एक कोटी रुपयांच्या वर जाते. भूमिगत खाणीत छत तोलून धरण्यासाठी बराच कोळसा खांबांच्या रूपाने आतच सोडावा लागतो; तो वजा केला तरी आकडा लाखांच्या अनेक दशकांत राहतो. शिवाय वर्धा खोऱ्यातील थर पुष्कळ ठिकाणी एका मीटरहून कितीतरी जाड आहेत.

आता वरच्या जमिनीचा भाव. याच पट्ट्यात सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणींसाठी जमीन गेली, तेव्हा कास्तकारांना मिळालेला ठरीव दर असा होता: पडीक जमिनीला एकरी ६ लाख, कोरडवाहूला ८ लाख, ओलिताला १० लाख. सोबत कोल इंडियाच्या धोरणाप्रमाणे दोन एकरांमागे एक नोकरी. खाणी वेगळ्या, कायदे वेगळे, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही दोन आकड्यांमधले अंतर डोळ्यांत भरते. हे अंतर बाजाराने निर्माण केलेले नाही. ते एकोणिसाव्या शतकातील महसूल व्यवस्थेने आखून दिले.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा जिल्हा कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. भोसल्यांच्या काळात गावचा वसूल गोळा करणारे पाटील आणि मक्तेदार हे जमिनीचे मालक नव्हते. ते वसुलीचे ठेकेदार होते. १८६० च्या दशकात मध्य प्रांताची जमाबंदी झाली, तेव्हा ब्रिटिशांनी यांनाच मालगुजार म्हणून गावाची मालकी दिली. चांद्याची जमाबंदी मेजर ल्यूसी स्मिथ यांनी केली. त्यांचा १८६९ चा अहवाल या भागाच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही. जमिनीला कायदेशीर मालक मिळाला, म्हणजे ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली आणि सावकाराच्या घशातही जाऊ लागली. या भागातील आधुनिक अर्थाच्या जमीनबाजाराचा आरंभ इथे आहे.

मात्र ही मालकी वरवरची होती, शब्दशः. भूगर्भातील खनिजे सरकारची राहिली. मध्य प्रांताच्या १८८१ च्या जमीन महसूल कायद्याने ते स्वच्छ लिहून ठेवले: वेगळे काही ठरलेले नसेल, तर खाणी, खनिजे, कोळसा यांवरचा हक्क सरकारचा.

याचे महत्त्व कळण्यासाठी बंगालकडे पाहावे लागते. तिथे १७९३ च्या कायमधाऱ्यामुळे जमीनदारांनी भूगर्भावरही हक्क सांगितला आणि तो व्यवहारात टिकला. खाण काढू इच्छिणाऱ्याला जमीनदाराकडे जावे लागे, पट्टा घ्यावा लागे, टनावर स्वामित्वधन द्यावे लागे. म्हणून १८३६ साली राणीगंजची खाण द्वारकानाथ टागोर खरेदी करू शकले, म्हणून झरियाच्या राजघराण्याकडे कोळशाचा पैसा आला, म्हणून तिथे देशी खाणमालकांचा एक वर्ग उभा राहिला. बंगालच्या जमीनदारांनी त्या पैशाचे काय केले हा वेगळा आणि फारसा अभिमानास्पद नसलेला विषय आहे. पण व्यवहार होत असे. वरोऱ्याच्या मालगुजाराला त्या व्यवहाराच्या मेजाशी बसण्याची जागाच नव्हती.

कोळशाआधी वरोऱ्याला मोठे केले कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड व वर्धा खोऱ्याकडे वळली. हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्याला मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त नेमले गेले. हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बाजारात नावाने ओळखला जात होता आणि वरोरा त्याच काळ्या मातीच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला होता. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. त्याच साली वरोऱ्यात नगरपालिका स्थापन झाली. कापसाच्या बंड्या, अडते, हमाल आणि वखारी यांचे गाव आता कागदोपत्रीही शहर झाले.

१८७० च्या दशकाच्या आरंभी वरोऱ्यात सरकारी कोळसा खाण सुरू झाली. भूगर्भ खात्याच्या थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा प्रबंध १८७७ साली प्रसिद्ध झाला. कोळसा बाहेर नेण्यासाठी त्याच दशकात वर्धा-हिंगणघाट-वरोरा हा फाटा टाकण्यात आला. भारतात त्या काळी सरकारने स्वतः चालविलेल्या खाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. वरोरा त्यांतली एक.

रेल्वे आली कोळशासाठी, पण शहर वाढले ते या फाट्याचे शेवटचे स्थानक असल्यामुळे. रेल्वेचे शेवटचे स्थानक म्हणजे काय, हे आजच्या पिढीला महामार्गाच्या उदाहरणाने समजेल: रस्ता जिथे संपतो तिथे सगळ्यांना थांबावे लागते. पुढे चांदा होते, त्याच्याही पुढे गडचिरोली आणि अहेरीचे जंगल. तिकडचा माल बंडीने वरोऱ्यापर्यंत यायचा आणि इथे गाडीत चढायचा. जिथे माल उतरतो तिथे तो साठवावा लागतो, तोलावा लागतो, त्यावर उचल द्यावी लागते. स्टेशनालगतची वखार, जिनिंगचे आवार आणि अडत्याची पेढी ही वरोऱ्याची पहिली खरी व्यापारी मालमत्ता. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १०,६२६ भरली. त्या काळच्या चांदा जिल्ह्यात हा आकडा लहान नव्हता.

मग काही वर्षांच्या अंतराने दोन धक्के बसले. १९०६ साली सरकारी खाण बंद झाली आणि सरकारचे लक्ष दक्षिणेला बल्लारपूरच्या नव्या खाणीकडे गेले. रेल्वेही तिच्या मागे पुढे सरकली. वरोरा शेवटचे स्थानक राहिले नाही, वाटेवरचे एक स्थानक झाले. १९२९ साली बल्लारशाह-काझीपेठ जोड पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास हा थेट मार्ग खुला झाला. देशाच्या नकाशावर वरोऱ्याची रेल्वे अधिक महत्त्वाची झाली आणि व्यापाराच्या दृष्टीने मात्र स्टेशनाबाहेरच्या जागेचे महत्त्व ओसरले, कारण गाड्या आता पुढे जात होत्या.

शहर मेले नाही, कारण कापूस होता. पण इथेही एक बारकावा आहे. मध्य प्रांताच्या जुन्या शहरांत बाजारपेठेतील पुष्कळशी जागा नझूल म्हणजे सरकारी मालकीची असते. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या तिथे धंदा करतो, इमारत त्याची असते, खालची जमीन पट्ट्याची. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरण, शर्तभंग झाला की दंड, विकायचे तर परवानगी, आणि कर्ज मागायला गेले की बँक आधी पट्टा पाहते. खेड्यात कास्तकाराखालचा कोळसा सरकारचा, शहरात दुकानदाराखालची माती सरकारची. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने नागपूर व अमरावती विभागांतील नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली आणि बाजारमूल्याच्या २ टक्के रक्कम भरून पट्ट्याची जमीन पूर्ण मालकीची करून घेण्याची वाट दिली. ही सवलत निवासी पट्ट्यांची आहे. ज्या चौकात घर आणि दुकान एकाच भिंतीत असतात, तिथे ही रेषा ओढणे किती कठीण, हे विदर्भातली कोणतीही जुनी बाजारओळ पाहिली की समजते.

आता १९५१. वरोऱ्याच्या जमिनीच्या इतिहासात एवढे दाट वर्ष दुसरे नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. (वरोरा तेव्हा मध्य प्रदेशात होता, महाराष्ट्रात आला तो १९६० साली, त्याआधी चार वर्षे द्विभाषिक मुंबई राज्यात.) नव्वदेक वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी निर्माण केलेले गावमालक एका कायद्याने मालकीतून बाजूला झाले आणि कास्तकाराचा संबंध थेट सरकारशी जुळला. १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे विनोबांना पहिले भूदान मिळाले. आणि त्याच वर्षाच्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते वरोऱ्याजवळ आनंदवनाचे उद्घाटन झाले.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे जवळच्याच गोरज्याच्या जमीनदार घराण्यातले, वकील आणि वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी त्यांना सरकारकडून मिळाली ती ५० एकर खडकाळ, झुडपांनी भरलेली जागा. बाजाराच्या हिशेबी ती जमीन नव्हतीच. आरंभीचे भांडवल म्हणून १४ रुपये, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा यांची नोंद सर्वत्र सापडते. या मंडळींनी विहीर खोदली, दगड वेचले, भाजीपाला काढला.

पुढे जे घडले ते जमीनबाजाराच्या इतिहासात क्वचित सांगितले जाते, पण तिथेच सांगायला हवे. भाजी पिकली आणि वरोऱ्यात ती कोणी विकत घेईना. कुष्ठरोग्याच्या हातची म्हणून. जमीन सुपीक झाली तरी तिला बाजार नव्हता. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक १९५४ च्या सुमारास आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम केले, त्यांच्याच शेतातले जेवले. ते पाहून गावाची भीती कमी होत गेली आणि भाजी खपू लागली. १९६४ साली आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय उघडले, तेव्हा ज्या शहराने भाजी नाकारली होती त्याच शहराची मुले शिकायला तिथे आली. आज नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्याचा वर्दळीचा चौक आनंदवन चौक म्हणून ओळखला जातो. कवडीमोल जागेच्या नावाने पत्ता सांगितला जातो, यात बरेच काही आले.

खालच्या जमिनीची गोष्ट दरम्यान दिल्लीत पुढे सरकत होती. १९५७ साली कोळसाधारक क्षेत्रांच्या संपादनाचा स्वतंत्र कायदा झाला. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि वर्धा खोरे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आले. १८८१ ची विभागणी स्वातंत्र्यानंतर मोडली नाही, उलट पक्की झाली. फरक इतकाच की मालगुजाराच्या जागी आता दोन-चार एकरांचा कास्तकार होता.

वरच्या जमिनीत नवा ग्राहक आला तो महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. १९६१ च्या कायद्याने आणि १९६२ च्या स्थापनेने आलेली ही व्यवस्था सोपी आहे: महामंडळ शेतजमीन संपादित करते, रस्ते-पाणी आणते आणि उद्योगाला ९५ वर्षांच्या पट्ट्याने भूखंड देते. वरोऱ्यालगत मोहबाळा येथे अशी वसाहत झाली. वर्षानुवर्षे ती सुस्त होती. तिला जाग आणली २००३ च्या वीज कायद्याने. या कायद्याने औष्णिक वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट काढून टाकली. कोळसा जवळ, वर्धा नदीचे पाणी जवळ, रेल्वे दाराशी आणि भूखंड तयार. अवघ्या काही वर्षांत या लहान वसाहतीत ५४० मेगावॅटचा वर्धा पॉवर आणि ६०० मेगावॅटचा एम्को एनर्जी असे दोन प्रकल्प उभे राहू लागले.

२००९ साली जीएमआर समूहाने एम्को एनर्जी ही कंपनीच विकत घेतली. या प्रकारचा सौदा समजून घेण्यासारखा आहे. शेतकरी जमीन विकतो तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त होतो, फेरफार होतो, सातबारा बदलतो. कंपनी विकली जाते तेव्हा समभाग हात बदलतात. भूखंडाचा पट्टा त्याच कंपनीच्या नावे राहतो, पुढे कंपनीचे नाव बदलते. जमीन जागची हलत नाही आणि तलाठ्याला कळतही नाही की तिचा खरा धनी आता दुसऱ्या शहरात बसतो. प्रकल्पाची वीज महाराष्ट्राबरोबर दादरा-नगर हवेली आणि तामिळनाडूलाही गेली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोळशावरील वाढीव आकार वीजदरात धरावेत की नाही यावर महत्त्वाचा निकाल दिला, त्याच्या शीर्षकात कंपनीच्या नावामुळे ‘वरोरा’ हा शब्द आहे. वीज कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे गाव असेच ठाऊक होते.

वर्धा पॉवरची वाट वेगळी झाली. पुढे साई वर्धा या नावाने ओळखला गेलेला हा प्रकल्प २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली न्यायाधिकरणात गेला. तिथे प्रकल्पाची किंमत धनकोंची समिती ठरवते. ज्या शिवारातून भूखंड कापले गेले, त्या शिवारातील कोणी या समितीत नसतो. तो आधीच मोबदला घेऊन मोकळा झालेला असतो.

‘मोकळा’ हा शब्द भद्रावतीच्या संदर्भात मात्र वापरता येत नाही. भद्रावती, जुने भांदक, ब्रिटिश काळात वरोरा तहसिलीतच होते आणि आजही दोन्हींचा बाजार एकाच रस्त्यावर आहे. १९९० च्या दशकात केंद्राने वीजक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले, तेव्हा आठ जलदगती प्रकल्पांत दाभोळच्या एन्रॉनबरोबर भद्रावतीचेही नाव होते. मित्तल बंधूंच्या इस्पात समूहातील निप्पॉन डेन्रोचा हा प्रकल्प. त्यासाठी अकराशे हेक्टरांहून अधिक जमीन संपादित झाली. एन्रॉनवर ग्रंथ लिहिले गेले. भद्रावतीत लिहिण्यासारखे काही घडलेच नाही: प्रकल्प झाला नाही.

जमीन मात्र गेली होती. संपादन १८९४ च्या कायद्याने झाले आणि त्या कायद्यात न वापरलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद नव्हती. एकदा ती सरकारात निहित झाली की झाली. २०१३ च्या नव्या कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकेल असे सूत्र आले आणि पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाकडे किंवा सरकारी भूमिपेढीकडे जाईल असे ठरले. ‘किंवा’ हा शब्द कायद्यात किती वजनाचा असतो, हे इथे दिसते.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने भद्रावतीसाठी न्यू एरा क्लीनटेक या कंपनीच्या कोळशापासून वायू बनविण्याच्या २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मान्यता दिली. निप्पॉन डेन्रोच्या त्याच ओसाड जमिनीला नवे ग्राहक आले. ज्यांच्याकडून ती घेतली गेली त्यांनी वाढीव मोबदला आणि नोकऱ्यांची मागणी पुढे केली. एकाच जमिनीचे दोन भाव, मध्ये तीन दशके. आणि मधल्या काळातील भाववाढ कोणाची, हा प्रश्न कोणत्याच कायद्यात थेट लिहिलेला नाही.

बेलगावनंतर पाच वर्षांनी, जून २०२० मध्ये, कोळशाचा व्यापारी लिलाव जाहीर झाला. आता वीज किंवा पोलादाचा कारखाना असण्याची अट उरली नाही. कोणीही कोळसा काढावा आणि कोणालाही विकावा. नोव्हेंबरात भद्रावती तालुक्यातील टाकळी-जेना-बेलोरा या पट्ट्याची बोली जिंकली हैदराबादच्या अरबिंदो रिअल्टी अँड इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीने. तिच्या नावातच ‘रिअल्टी’ म्हणजे स्थावर मालमत्ता आहे.

लिलावाच्या रकमेचा ओघ राज्य सरकारकडे जातो, आणि २०१५ पासून स्वामित्वधनाशी जोडलेला काही हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे. प्रतिष्ठानाचा पैसा खाणबाधित क्षेत्रातील पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्च व्हावा अशी योजना आहे. तो क्षेत्राला मिळतो. सातबाऱ्यावरच्या नावाला टनामागे काही मिळण्याची सोय १८८१ च्या कायद्यात नव्हती, आजच्याही नाही.

टाकळी, जेना आणि बेलोरा ही आधी गावांची नावे आहेत. लिलाव संपला तेव्हा खालची जमीन विकली गेली होती आणि वरच्या जमिनीची बोलणी अजून सुरू व्हायची होती.